‘नॅचरल’ लिहिलं म्हणजे काहीही विकायचं का?



सध्या एक प्रश्न फार येतो. “सर, त्वचा टाइट करणारा नॅचरल ब्रँड काढायचाय. कोलॅजन पावडर, सीरम, फेस ऑइल. मार्जिन किती सुटेल?”

मार्जिन चांगलं सुटतं. पण माझं मत स्पष्ट आहे: या धंद्यात पहिली ऑर्डर सोपी असते, दुसरी अवघड. आणि छोटा दुकानदार जगतो तो दुसऱ्या ऑर्डरवरच. म्हणून आधी माल समजून घ्या, मग लेबल छापा.

त्वचेला मजबुती देतं कोलॅजन आणि ताणून परत जागेवर आणतं इलॅस्टिन. वय वाढलं की दोन्ही कमी होतात, आणि ऊन हे काम आणखी लवकर करतं. आता बाजारातला माल एकेक करून बघू.

कोलॅजन क्रीम. कोलॅजनचा रेणू साधारण ३ लाख डाल्टनचा. त्वचेतून आत जातात ते ढोबळमानाने ५०० डाल्टनच्या आतले. म्हणजे बैलगाडी मांजराच्या दारातून न्यायची! क्रीम वर बसून ओलावा धरतं, त्वचा मऊ लागते. तेवढंच सांगून विका.

कोलॅजन पावडर. २०२५ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. सगळ्या मिळून बघितल्या तर फायदा दिसतो. पण कंपन्यांच्या पैशावर न झालेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या की तो दिसेनासा होतो. आणखी एक गोष्ट: कोलॅजन मासे, गाय किंवा डुकरापासून येतं. तुमच्या गिऱ्हाइकांत माळकरी असतील, जैन असतील. त्यांना हे न सांगता डबा हातात दिलात, तर फसवणूक झाली. ‘व्हेज कोलॅजन’ म्हणून जे येतं त्यात बहुतेक वेळा कोलॅजन नसतंच, व्हिटॅमिन सी वगैरे असतं.

बावची. इथे खरा धोका आहे, नीट वाचा. बावचीपासून बाकुचिऑल नावाचा घटक काढतात. २०१९ मध्ये ४४ जणांवरची १२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. सुरकुत्यांवर ०.५ टक्के बाकुचिऑल रेटिनॉलच्या तोडीचं ठरलं आणि त्वचेची आगही कमी झाली. चाचणी लहान होती, पण आशादायक. हे ऐकून काही जण बावची खोबरेल तेलात मुरवून ‘नॅचरल रेटिनॉल’ म्हणून विकायला निघतात. अहो, कच्च्या बावचीत सोरालेन असतात. ते लावून उन्हात गेलं की त्वचा भाजू शकते, काळे डाग पडू शकतात. शुद्ध केलेला घटक वेगळा आणि घरचं तेल वेगळं. गिऱ्हाइकाचा चेहरा म्हणजे आपली प्रयोगशाळा नव्हे.

घरचं कोरफड जेल. पाण्याचा अंश असलेला माल प्रिझर्व्हेटिव्हशिवाय ठेवला की त्यात बुरशी आणि जंतू वाढतात. घरी रोज ताजं लावणं ठीक. बाटलीत भरून महिनाभर विकणं ठीक नाही.

मग विकायचं काय? सगळ्यात भक्कम पुरावा आहे सनस्क्रीनचा. ऑस्ट्रेलियात सुमारे ९०० लोकांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. म्हणजे सनस्क्रीन, मॉइश्चरायझर, स्कार्फ, सनकोट. स्कूटरवरून फिरणाऱ्या प्रत्येक ताईला हे लागतं आणि संपलं की ती परत येते. याला म्हणतात रिपीट धंदा.

आता कायद्याचं. दुसऱ्याचं कॉस्मेटिक नुसतं विकायला वेगळं लायसन्स लागत नाही. स्वतः बनवून विकायचं तर लागतं, मग ते स्वयंपाकघरात का बनवेना. लायसन्सवाल्या कारखान्यातून आपल्या नावाने बनवून घेणं नवख्याला सोयीचं. खायच्या सप्लिमेंटवर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर पाहिजेच. आणि “वय १० वर्षांनी कमी” असली जाहिरात? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. व्हिडिओत शिफारस करणाराही त्यात येतो.

काही जण म्हणतील, “सर, बाजारात सगळे असंच बोलतात, आपण खरं बोललो तर माल कसा खपेल?” मोठ्या कंपनीचं एक गिऱ्हाईक तुटलं तर तिला कळतही नाही. आपलं एक तुटलं तर गल्ली तुटते. आपल्याकडे जाहिरातीचं बजेट नाही, शब्दाची किंमत आहे. तीच भांडवल समजा.

आजचा गृहपाठ: तुम्ही विकता किंवा विकणार आहात त्या एका मालाचं लेबल घ्या. त्यावरचं प्रत्येक वाक्य स्वतःच्या आईला तोंडावर सांगू शकाल का, ते बघा. जे सांगता येणार नाही ते खोडा. उरेल त्यावर धंदा उभा करा.