तोफेचा हिशेब मागा

दोस्तहो, सीमेवर गोळी सुटली की दोन आवाज उठतात. एक म्हणतो, सैन्यावर पैसा ओता, हिशेब विचारील तो गद्दार. दुसरा आपल्यातलाच. म्हणतो, तोफेला दमडी देऊ नका, सगळं वस्तीत आणा. पहिला लबाड, दुसरा भाबडा.

१९६२ साली नेफाच्या थंडीत जवान सुती कपड्यांत, कॅनव्हासच्या बुटांत लढले. कुणाची पोरं होती ती? शेतकऱ्याची, कामकऱ्याची. तिथं खर्च हवाच होता, अन् लढाईच्या आधी हवा होता. सैन्य आपल्याला परकं नाही. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली, ते दार उघडायला बाबासाहेब झगडले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली.

पण याच बाबासाहेबांनी १० ऑक्टोबर १९५१ ला मंत्रिपद सोडतानाच्या निवेदनात हिशेब मांडला. ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर! कारण काय? परराष्ट्र धोरण असं की अडीनडीला एक मित्र नाही. म्हणजे राज्यकर्त्यांच्या चुकीचं बिल गरिबानं भरायचं. तेव्हा पहिला सवाल हा : भांडण मिटवायचे सगळे रस्ते चालून झाले का? नसतील, तर वाढीव पैसा मागायचा हक्क सरकारला नाही.

दुसरा सवाल : पैसा जातो कुठं? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी. अन् २०२२ च्या अग्निपथ योजनेत पोराला चार वर्षं. शंभरातले फार तर पंचवीस कायम, बाकीचे एकरकमी निधी घेऊन घरी. पेन्शन नाही. विमान घेताना कुणी म्हणत नाही की चार वर्षं वापरून टाकू.

तिसरा सवाल : रक्षण कुणाचं? हातानं मैला उपसणं २०१३ च्या कायद्यानं बंद. तरी गटारात माणसं गुदमरतात. २०२३ साली सुप्रीम कोर्टाला अशा मरणाची भरपाई तीस लाख करावी लागली. त्याला मास्क द्यायला तिजोरी रिकामी, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

गड्यांनो, मोर्चात ‘युद्ध नको’ एवढंच ओरडून घरी जाऊ नका. जवानाच्या बुटाला हो म्हणा. बाकी प्रत्येक रुपयाला हे तीन सवाल विचारा. गद्दार म्हणतील. म्हणू द्या. कर आपणही भरतो, अगदी काडेपेटीवरसुद्धा.