चव कळली, मात्रा कळली का?

रविवारची दुपार. पुण्यातील एखाद्या मायक्रोब्रुअरीत पंधरा-वीस जणांचा गट काचेपलीकडच्या चकचकीत पोलादी टाक्या पाहत उभा असतो. तिथला तंत्रज्ञ प्रत्येकाच्या हातावर बार्लीचे चार दाणे ठेवतो आणि चावून पाहायला सांगतो. मग हॉप्सची हिरवी भुकटी बोटांत चुरडून तिचा वास घ्यायला लावतो. कोणत्या टाकीत काय शिजते, काय आंबते, किती दिवस लागतात, हे सारे समजावून सांगतो. शेवटी लाकडी फळीवर ओळीने मांडलेले सहा छोटे ग्लास येतात. फिकट पिवळ्यापासून कॉफीसारख्या काळ्यापर्यंत रंग, प्रत्येकाची चव वेगळी. फोटो निघतात, आवडीनिवडींवर चर्चा रंगते आणि तासाभराने पाहुणे पार्किंगकडे वळतात.

या तासाभरात त्यांना बरेच काही कळलेले असते. कळलेली नसते ती एकच गोष्ट, आणि आरोग्याच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे त्या सहा ग्लासांतून पोटात किती मद्यार्क गेला.

महाराष्ट्रात पुण्याने २००९ च्या सुमारास मायक्रोब्रुअरीची वाट धरली. आता कारखाना पाहणे आणि चव घेणे हा शहरी मध्यमवर्गाच्या सुट्टीच्या दिवसाचा एक भाग झाला आहे. त्याकडे नाक मुरडण्याचे कारण नाही. बिअर बनताना पाहणे हा रसायन आणि जीवशास्त्राचा उत्तम धडा असतो. शिवाय तो मराठी स्वयंपाकघराला अनोळखीही नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून लहान मुलांसाठी सत्त्व केले जाते. बार्लीचे माल्ट करताना नेमके हेच घडते. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. ते दाणे भरडून ६२ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले, की ही विकरे पिष्टाची साखर करतात. तापमान थोडे खाली ठेवले तर सहज आंबणारी साखर अधिक मिळते आणि बिअर हलकी, कोरडी लागते. थोडे वर नेले तर न आंबणारी शर्करा उरते आणि बिअर जाडसर होते. हा गोड काढा हॉप्ससह उकळला की कडवटपणा येतो. थंड केल्यावर यीस्ट घातले जाते. आंबोळीचे पीठ रात्रभरात फुगते तेही सूक्ष्मजीवांमुळेच. इथे यीस्ट साखर खाते आणि तिचे कार्बन डायऑक्साइड व इथेनॉल करते.

या उद्योगाने विज्ञानालाही भरभरून दिले आहे. लुई पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवर ग्रंथ लिहिला आणि ती का बिघडते याचे उत्तर सूक्ष्मजीवांत शोधले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने १८८३ मध्ये यीस्टची एकाच पेशीपासून शुद्ध पैदास केली. त्याच प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसेन याने १९०९ मध्ये आम्लता मोजण्याची पीएच ही पट्टी मांडली. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट याने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने संख्याशास्त्रातली जी चाचणी प्रसिद्ध केली, ती आजही वैद्यकीय संशोधनात रोज वापरली जाते. मोजमाप हा बिअरनिर्मितीचा प्राण आहे. तापमान, आम्लता, साखरेची घनता असे सारे काही मोजले जाते. मग मोजण्याची ही शिस्त टाकीपाशीच का थांबते? ग्लासापर्यंत का पोहोचत नाही?

याचे एक कारण ‘क्राफ्ट’ या शब्दाभोवतीच्या वलयात आहे. ताजी, थोड्या प्रमाणात बनवलेली, परिरक्षक नसलेली, ‘ग्लिसरीन नसलेली’ असे वर्णन ऐकले की ऐकणाऱ्याच्या मनात नकळत ‘म्हणजे बरी’ अशी नोंद होते. यातले ताजेपण खरे असते. ग्लिसरीनची भीती मात्र बरीचशी ऐकीव आहे; आंबवताना यीस्ट स्वतःच थोडे ग्लिसरीन तयार करते. न गाळलेल्या बिअरमध्ये यीस्टसोबत ब गटातील काही जीवनसत्त्वे उतरतात, हेही खरे. पण इथेनॉलचा रेणू सगळीकडे एकच असतो. मोठ्या कारखान्यातल्या बाटलीत, गावठी हातभट्टीत आणि कारागिराने जपून बनवलेल्या बिअरमध्ये तो तसूभरही वेगळा नसतो. यकृताला त्याचे कूळ विचारता येत नाही.

यकृत इथेनॉलचे आधी अॅसिटाल्डिहाइड करते आणि मग त्याचे निरुपद्रवी अॅसिटेट. मधला पदार्थ विषारी आहे. तो पेशींतील डीएनएला इजा करतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या घटकांत टाकले. तंबाखूचा धूर याच गटात आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध जोडला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की आरोग्याला अजिबात धोका नाही अशी मद्याची कोणतीही पातळी सांगता येत नाही. याचा अर्थ एका घोटाने कर्करोग होतो असा नाही. धोका मात्रेबरोबर वाढत जातो, असा आहे. म्हणूनच मात्रा माहीत असणे महत्त्वाचे.

ती काढणे सोपे आहे. पेयाचे मिलिलिटर गुणिले मद्यार्काचे टक्के, भागिले शंभर, गुणिले ०.८, आलेले उत्तर म्हणजे शुद्ध मद्यार्काचे ग्रॅम. फळीवरचे सहा ग्लास प्रत्येकी १०० मिलिलिटरचे आणि सरासरी साडेपाच टक्क्यांचे धरले, तर एकूण मद्यार्क होतो सुमारे २६ ग्रॅम. ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये, ४२.८ टक्क्यांची व्हिस्की असेल तर, सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे ‘फक्त चव घेतली’ असे म्हणणाऱ्याने अडीच पेग घेतलेले असतात. त्यानंतर आवडलेल्या बिअरचा अर्ध्या लिटरचा एक ग्लास मागवला, तर पाच टक्क्यांच्या हिशेबाने आणखी २० ग्रॅम. एकूण साडेचार पेग. घरी ‘आम्ही काही दारू पीत नाही, कधीतरी बिअर घेतो’ असे सांगणाऱ्या अनेकांना हा हिशेब धक्का देईल.

नुसते टक्के पाहूनही फसगत होते. फलकावर एका बिअरपुढे ५ आणि दुसरीपुढे ८ लिहिलेले असते. फरक फक्त तीनचा वाटतो. अर्ध्या लिटरच्या ग्लासात मात्र पहिलीतून २० ग्रॅम मद्यार्क जातो आणि दुसरीतून ३२. एका ग्लासामागे एक छोटा पेग अधिक. गोडसर, फळांच्या चवीच्या किंवा घट्ट काळ्या बिअरमध्ये हा फरक जिभेला जाणवतोच असे नाही.

आता पार्किंगकडे वळू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. ढोबळ हिशेबाने, ७० किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी तासाभरात वरील सहा ग्लास संपवले, तर त्याच्या रक्तातील पातळी ४० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. ५५ किलोच्या स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने ती ७० च्या घरात जाऊ शकते. जेवण, वय, प्रकृती यांनुसार हे आकडे बदलतात. पण मुद्दा बदलत नाही. वेगळी बिअर मागवलीच नाही, केवळ चव घेतली, तरी कायद्याची मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

ही पातळी शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या गतीने उतरवते. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी काहीही ही गती वाढवत नाही. कॉफीने झोप उडते, नशा नाही. शिवाय शेवटच्या घोटानंतरही काही वेळ रक्तातील पातळी चढत असते. त्यामुळे ‘आत्ता तर काहीच वाटत नाही’ हा गाडी चालवण्याचा सर्वांत घातक निकष ठरतो.

अशा सहलींत आणखी एक समज हमखास कानावर येतो, तो म्हणजे बिअरने मुतखडा पडतो. मद्यार्कामुळे मूत्रनिर्मिती रोखणारे संप्रेरक दबते, म्हणून लघवी वाढते हे खरे. पण भरपूर लघवी होण्यासाठी पाणी पुरेसे असते, आणि त्यासोबत मद्यार्क घ्यावा लागत नाही. उलट बिअरमधील प्युरिनमुळे रक्तातील युरिक अॅसिड वाढते. गाउटच्या रुग्णांना ते त्रासदायक ठरते. खडा अडकून कळा येत असतील तर जागा दवाखान्याची आहे, बिअरबारची नाही.

काहींनी तर चवीचीही फळी नाकारावी. गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण, झोपेची किंवा मन शांत करणारी औषधे घेणारे, दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे, यांच्यासाठी ‘थोडीशीच’ ही सवलत नाही. इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींची साखर मद्यानंतर धोकादायकरीत्या घसरू शकते. त्याची लक्षणे नशेसारखीच दिसतात, म्हणून सोबतचे लोकही गाफील राहतात. आणि जो पीत नाही, त्याला गटात सामील होण्यासाठी सुरुवात करायला लावण्याचे तर काहीच कारण नाही.

मग करायचे काय? भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार १ एप्रिल २०१९ पासून मद्याच्या बाटलीवर आणि कॅनवर आरोग्याला अपाय होत असल्याचा व पिऊन वाहन न चालवण्याचा इशारा सक्तीचा आहे. टाकीतून थेट ग्लासात येणाऱ्या बिअरला मात्र ना बाटली असते, ना लेबल. ही पोकळी भरणे अवघड नाही. प्रत्येक बिअरपुढे फलकावर तीन आकडे असावेत: ग्लासाचे मिलिलिटर, मद्यार्काचे टक्के आणि शुद्ध मद्यार्काचे ग्रॅम. फळीवरच्या सर्व ग्लासांची बेरीजही तिथेच लिहावी. चव कळायला १०० मिलिलिटर लागत नाहीत, ४०-५० पुरतात. चवीचा मोठा भाग वासातून येतो. पिण्याचे पाणी आणि खाणे ग्लासांआधी टेबलावर यावे. गाडी चालवणाऱ्याला यीस्ट घालण्यापूर्वीचा गोड काढा चाखायला द्यावा. त्यात मद्यार्क नसतो आणि विज्ञान मात्र पुरेपूर असते. परतीच्या प्रवासाची सोय काय, हा प्रश्न नोंदणी करतानाच विचारावा. हे सारे व्यावसायिकांना उद्यापासून करता येईल. राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि अन्नसुरक्षा यंत्रणांनी त्याचा नियम करावा.

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतील. एक बाजू म्हणेल, आनंदाच्या क्षणी असे आकडे दाखवून रसभंग का करायचा? पण आपल्या हातचे पेय अभिमानाने दाखवणाऱ्याला त्यातील मद्यार्क सांगण्याचा संकोच का वाटावा? दुसरी बाजू म्हणेल, मोजून प्या असे सांगणे म्हणजे पिण्याला मान्यता देणेच. महाराष्ट्रात दारूची चर्चा गेली अनेक दशके बंदी आणि महसूल या दोन टोकांत अडकली आहे. वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. या वादात कोणीही कुठेही उभे राहावे. पण जिथे विक्री कायदेशीर आहे, तिथे ग्राहकाला मात्रा न सांगणे दोन्हीपैकी कोणत्याच भूमिकेत बसत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर साखरेचे ग्रॅम छापलेले असतात. सिद्ध कर्करोगकारक घटकाचे ग्रॅम सांगायला नकार देण्यासाठी कोणतेही पटणारे कारण नाही.

बिअर बनवणारा धान्याचा प्रत्येक किलो आणि तापमानाचा प्रत्येक अंश मोजतो, कारण अंदाजाने चांगली बिअर होत नाही. पिणाऱ्यालाही तोच हक्क आहे. तोपर्यंत पुढच्या वेळी कोणी फळीवर सहा ग्लास मांडले, तर पहिला उचलण्याआधी एकच प्रश्न विचारावा: यात सगळे मिळून किती ग्रॅम? उत्तर आले नाही तर मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडावा आणि गाडीची किल्ली न पिणाऱ्याच्या हाती द्यावी.