कात्री मुलांच्या हाती

१९९३ सालच्या नाताळाच्या तोंडावर अमेरिकेतल्या खेळण्यांच्या काही दुकानांत एक अजब प्रकार घडला. घरी आणलेल्या बोलक्या बार्बीचा खटका दाबला, की ती भरड्या पुरुषी आवाजात सूडाची भाषा बोलू लागली. शेजारच्या खोक्यातला जी. आय. जो सैनिक मुलीच्या लाडिक आवाजात लग्नाची स्वप्ने रंगवू लागला. स्वतःला ‘बार्बी लिबरेशन ऑर्गनायझेशन’ म्हणवणाऱ्या कलावंतांच्या गटाने काही शे खेळणी विकत घेतली होती. त्यांच्या पोटातल्या आवाजाच्या डब्या आपसांत बदलल्या होत्या आणि ती पुन्हा मूळ खोक्यांत घालून गुपचूप दुकानाच्या फळ्यांवर नेऊन ठेवली होती. बघता बघता टीव्हीच्या बातम्यांत हाच विषय झाला.

या गटाने खेळण्यांच्या तोंडी स्वतःचे एकही वाक्य घातले नव्हते. सगळी वाक्ये कंपन्यांचीच होती आणि दोन्ही खेळणी आधीपासून तेच बोलत होती. फक्त जागा बदलली आणि आईबापांना इतके दिवस कानांवर पडूनही न ऐकू आलेले एकदम ऐकू आले. मुलाच्या हातातल्या खेळण्याने मारण्याची धमकी द्यावी यात कोणाला काही खटकले नव्हते. तीच धमकी बार्बीने दिली तेव्हा मात्र घर दचकले.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘मुले आणि पडदा’ असा ठरला, तेव्हा संपादक मंडळापुढे दोन ठरावीक वाटा होत्या. एक वाट तज्ज्ञांकडून धोक्याचे इशारे लिहून घेण्याची, दुसरी मोबाइल किती तास द्यावा याचे कोष्टक छापण्याची. दोन्ही गोष्टी इतरत्र भरपूर मिळतात. म्हणून हे पान तिसऱ्या वाटेसाठी राखले आहे. मुलांपर्यंत पोचणारी हिंसक दृश्ये त्यांनाच तोडायला आणि नव्याने जोडायला देण्याची ही वाट आहे. तिला मॅशअप किंवा रीमिक्स म्हणतात.

बाहुल्यांवरचा तो प्रयोग पुढे व्हिडिओत आला. जोनाथन मॅकिन्टॉश या अमेरिकन रीमिक्सकाराने २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला इंटरनेटवर एक साधे साधन तयार केले. त्यात मुलांसाठीच्या खेळण्यांची एक जाहिरात निवडायची, मुलींसाठीची दुसरी निवडायची आणि एकीच्या चित्रावर दुसरीचा आवाज चढवायचा. मग रणगाडे आणि क्षेपणास्त्रे धडधडत असताना कोणी गोड गळ्याने मैत्री, चमचम आणि सजावट यांविषयी बोलत राहते. उलट बाजूला गुलाबी स्वयंपाकघरात दोन मुली केक करत असतात आणि निवेदक हल्ला करा, चिरडून टाका असे गरजत असतो. हे पाहताना मुले आधी खदखदून हसतात आणि मग प्रश्न विचारू लागतात. तो निवेदक कोण? तो एवढा ओरडतो का? मुलग्यांशी सगळे असेच ओरडून का बोलतात? हे प्रश्न कोणा मोठ्या माणसाने व्याख्यान देऊन विचारले असते, तर मुलांनी जांभई दिली असती.

अमेरिकेतल्या मुलांच्या टीव्हीवर एवढी युद्धे आली त्यामागे सरळ धंदा होता. १९८३ मध्ये ‘ही-मॅन’ ही मालिका आली. तिचे बाहुले मॅटेल कंपनी आधीपासूनच विकत होती. त्याच वर्षी हॅस्ब्रोच्या सैनिकांवरची ‘जी. आय. जो’ लघुमालिका आली आणि पुढच्या वर्षी ‘ट्रान्सफॉर्मर्स’. १९८४ मध्ये अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची वेळेची मर्यादा काढून टाकली आणि अर्ध्या तासाची मालिका हीच खेळण्याची जाहिरात बनली. याविरुद्ध सर्वांत चिकाटीने लढल्या मॅसॅच्युसेट्समधल्या पेगी चॅरन. १९६८ मध्ये त्यांनी घरच्या दिवाणखान्यात इतर आयांना जमवून ‘अॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संस्था सुरू केली होती. चॅरन यांचा सेन्सॉरशिपला ठाम विरोध होता. मुलांना विकण्याच्या धंद्यावर बंधन घाला आणि मुलांसाठी अधिक चांगले कार्यक्रम करा, एवढीच त्यांची मागणी होती. १९९० च्या कायद्याने जाहिरातींना ताशी मर्यादा आली, ती शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटे आणि इतर दिवशी बारा मिनिटे. युद्धे मात्र चालूच राहिली.

‘जी. आय. जो’मधले युद्ध मुळातून समजून घेण्यासारखे आहे. लाल-निळे किरण सुटतात, विमाने फुटतात, पण जवळजवळ कोणीच मरत नाही. वैमानिक पॅराशूट घेऊन वेळेवर बाहेर पडतोच. गोळीबार आहे, पण जखम नाही. स्फोट आहे, पण त्यानंतर कोणाची आई रडत नाही. आणि भागाच्या शेवटी तेच सैनिक येऊन मुलांना उपदेश करतात: आग लागली तर असे करा, अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका. वीस-बावीस मिनिटे बंदुका चालवायच्या आणि शेवटी बोधामृत पाजायचे, म्हणजे पालक गप्प आणि वाहिनी निर्धास्त.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. १९९७ मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाला. त्याचे अनुकरण करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या, त्यांच्या खरेपणावरून वादही झाले आणि मालिकेत शक्तिमान स्वतः मुलांना चांगल्या सवयी सांगू लागला. त्यामागचा हेतू शुद्धच होता. तरीही गिरकी घेऊन उडणारा, ठोसे मारणारा नायक मुलाच्या मनात आधी घर करतो. उपदेश येईपर्यंत मूल उठून खेळायला गेलेले असते.

शिकागोच्या एरिक फेन्स्लर यांनी २००३ च्या सुमारास जी. आय. जोच्या या उपदेशांनाच हात घातला. पंचवीस तुकडे घेतले आणि त्यांवर असंबद्ध संवाद, चित्रविचित्र हुंकार आणि भलतेच संगीत चढवले. सैनिक येतो, गंभीर चेहऱ्याने काहीतरी निरर्थक बडबडतो आणि निघून जातो. इंटरनेटवर हे तुकडे अफाट पसरले. हॅस्ब्रोने ते थांबवण्याची नोटीस पाठवली, पण तोवर फार उशीर झाला होता. हिंसेवर टीका करण्यासाठी फेन्स्लर यांनी हे केले, असा दावा करता येणार नाही. परिणाम मात्र टीकेचाच झाला. ज्या पिढीने ते उपदेश निमूट ऐकले होते, तिला मोठेपणी त्यांतला पोकळपणा दिसला.

पडद्यावरची हिंसा मुलांचे नक्की काय करते, हा वाद जुना आहे. १९६१ मध्ये स्टॅनफर्डला आल्बर्ट बँडुरा यांनी ७२ लहान मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला हवेच्या बाहुल्याला बडवताना पाहिलेल्या मुलांनी नंतर त्याला तसेच बडवले. पुढच्या प्रयोगात तेच दृश्य फिल्मवर दाखवले, तरी असाच परिणाम दिसला. टीकाकार म्हणाले, तो बाहुला बडवण्यासाठीच तर बनवलेला असतो. त्यावरून गुन्हेगारीचा निष्कर्ष कसा काढणार? या आक्षेपात तथ्य आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉर्ज गर्बनर यांनी वेगळा मुद्दा मांडला आणि तो या अंकाला अधिक मोलाचा वाटतो. फार टीव्ही पाहणाऱ्यांना जग आहे त्याहून अधिक दुष्ट आणि धोक्याचे वाटू लागते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे मूल उठून कोणाला मारेल की नाही, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. मारणे हाच जगाचा रिवाज आहे असे ते समजून बसेल का, हेही विचारले पाहिजे.

बंदीचा मार्ग अमेरिकेने वापरून पाहिला. अल्पवयीनांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यावर कॅलिफोर्नियाने केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी निकालपत्रात ग्रिम बंधूंच्या परीकथांमधल्या रक्तपाताचीही आठवण करून दिली. भारतात २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे केले. हे टप्पे उपयोगाचे आहेत, पण मुलाच्या हातात आजोबांचा मोबाइल आला, की आकडा विचारायला दारावर कोणी नसते.

म्हणून संकलन शिकवायचे. रशियात शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडला आणि प्रेक्षकांना त्यात कधी भूक, कधी शोक दिसला. हाच धडा २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट रायांग यांनी गिरवला. ‘द शायनिंग’ या कुब्रिकच्या भयपटातले तुकडे जोडून त्यांनी बाप-लेकाच्या उबदार नात्याच्या चित्रपटाचा ट्रेलर केला. पुढच्याच वर्षी ख्रिस रूल यांनी डिस्नेच्या ‘मेरी पॉपिन्स’चा अंगावर काटा आणणारा भयपट करून दाखवला. सातवी-आठवीच्या वर्गात हे दोन ट्रेलर लागोपाठ दाखवावेत. भीती कॅमेऱ्यासमोर किती असते आणि संगीतातून, कापण्यातून किती घडवली जाते, हे मुलांना दहा मिनिटांत उमगते. पुढे अॅक्शनपटातली मारामारी पाहताना त्यांचे कान आपोआप ढोलाकडे जातात. माणूस पडल्यावर कॅमेरा लगेच दुसरीकडे का वळला, हेही ते विचारतात.

मॅकिन्टॉश यांचा २००९ चा ‘बफी व्हर्सेस एडवर्ड’ हा रीमिक्स अशा जोडकामाचे सर्वांत धारदार उदाहरण. ‘ट्वायलाइट’मधला पिशाच्च नायक एडवर्ड रात्री न विचारता मुलीच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत बसतो आणि चित्रपट त्याला प्रेम म्हणतो. मॅकिन्टॉश यांनी त्याला ‘बफी’ या टीव्ही मालिकेतल्या, पिशाच्चांशी झुंजणाऱ्या नायिकेसमोर उभे केले. ती त्याच्या पाठलागाला पाठलागच समजते आणि शेवटी त्याचा निकाल लावते. किशोरवयीन मुलींना पाठलागाचे वेड लावणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी गाण्यांना असा एक रीमिक्स हवा आहे.

ही कात्री उलटीही चालते. २०१७ मध्ये यूट्यूबवर असे असंख्य व्हिडिओ उघडकीस आले, ज्यांत एल्सा, स्पायडरमॅन, पेपा पिग अशी मुलांची लाडकी पात्रे सुया, रक्त आणि मारहाण यांच्या दृश्यांत घुसडलेली होती. जेम्स ब्रायडल यांच्या लेखाने त्यांकडे जगाचे लक्ष गेले. तेही तोडजोड करूनच बनलेले होते. त्यामागे दिसत होती ती क्लिकची कमाई आणि पाहणाऱ्या मुलाला ते कोणी, का केले हे कळायला वाव नव्हता. सांधा दिसू देणे हाच टीकात्मक रीमिक्सचा धर्म, आणि या व्हिडिओंत सांधा लपवला होता.

कायद्याची धास्ती अनेक शिक्षकांना वाटते. अमेरिकेत २०१० पासून, बिगरव्यापारी रीमिक्ससाठी डीव्हीडीचे कुलूप तोडण्याला मर्यादित सूट मिळाली. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले ५२ वे कलम टीका आणि समीक्षेसाठी उचित वापराला मुभा देते, शिक्षक-विद्यार्थ्यांच्या अध्यापनासाठीही देते. वर्गात केलेल्या, टीकेसाठीच्या छोट्या तुकड्यांना घाबरण्याचे कारण नाही.

कौशल्याचीही वाण नाही. हॉलिवूडच्या दृश्यांना गावरान मराठी आवाज देणारे तुकडे घराघरातल्या व्हॉट्सअॅपवर फिरतात. दिवाळीच्या किल्ल्यावर सिंहासनाच्या पायथ्याशी प्लॅस्टिकची मोटार आणि वाघ शेजारी शेजारी मांडणाऱ्या मुलांना जोडकाम शिकवावे लागत नाही. ते कशावर करायचे, एवढेच दाखवायचे आहे.

वाचकांना एक विनंती. या सुट्टीत मुलांबरोबर त्यांच्या आवडत्या कार्टूनमधले किंवा जाहिरातीतले एक मिनिट निवडा, त्याचा आवाज काढून टाका आणि मुलांना हवा तो आवाज चढवू द्या. मध्ये बोलू नका. मुलांनी काय बदलले आणि का, हे त्यांच्याच शब्दांत लिहून या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या दिवाळी अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.