किम्स आपलेही आहे

विद्यानगरचे 'किम्स' १९५७ साली कर्नाटक मेडिकल कॉलेज म्हणून सुरू झाले. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आपला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. राज्य बदलले तरी आपण इथेच राहिलो, इथेच कर भरला. तेव्हा हे रुग्णालय जितके इतरांचे, तितकेच आपलेही.

गदग, हावेरीकडचे रुग्ण आजही इथेच धाव घेतात. २०२० च्या कोविड साथीतही मोठा भार याच रुग्णालयाने उचलला.

आपल्या समाजात मात्र 'सरकारी दवाखाना गरिबांचा' असे म्हणण्याची सवय जडली आहे. खाजगीत जरूर जावे. पण व्यवहार थांबला की बँकेतले खातेही निष्क्रिय ठरते. बोलू शकणारी घरे बाहेर पडली, की खाटा, औषधे, स्वच्छता यांचा जाब विचारणार कोण?

निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना आपण भाषेचा प्रश्न विचारतो. त्याच्या जोडीला किम्समधल्या रिक्त जागा किती आणि औषधसाठा पुरतो का, हेही विचारावे. मंडळाने हे प्रश्न कन्नडमध्ये लिहून प्रत्येक उमेदवाराच्या हाती द्यावेत.