सारांशावर संतुष्ट राहू नये

कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. पाठोपाठ २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांचा एक लेख प्रसिद्ध झाला. सहा रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध त्यात गुळवेलीशी जोडला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने आक्षेप नोंदविला की, रुग्णांनी सेवन केलेल्या वनस्पतीचे पृथक्करण झालेले नाही. तत्सम अन्य जातीशी गल्लत झालेली असू शकते. वृत्तपत्रांतून दोन्ही बाजूंच्या चार ओळी आल्या आणि परंड्यापासून उमरग्यापर्यंत रुग्ण विचारू लागले, "डॉक्टरसाहेब, गुळवेल घ्यावी की बंद करावी?"

आम्ही उत्तरे दिली. परंतु मूळ लेख आमच्यापैकी कितीजणांनी वाचला होता? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारतो. मात्रा किती, सेवन किती दिवस, सोबत अन्य औषधे कोणती, यकृताचा पूर्वविकार होता काय, हे सारे संपूर्ण लेखातच सापडते. सारांशात केवळ निष्कर्ष उरतो. केवळ निष्कर्ष वाचून केलेले समर्थन आणि केलेली टीका, दोन्ही सारखीच पोकळ होत.

शोधाची रीत अवघड नाही. 'गुडूची' हा शब्द रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिला जातो. म्हणून 'टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया' या वनस्पतिशास्त्रीय नावाने शोध घ्यावा, त्यास विकाराचे नाव जोडावे आणि संपूर्ण लेख उपलब्ध असलेलेच निवडावेत. २००० साली सुरू झालेले पबमेड सेंट्रल सर्वांस विनामूल्य आहे. विद्यापीठांतील प्रबंधांसाठी 'शोधगंगा' आहे.

खरी अडचण पुढे आहे. अनेक नियतकालिके सशुल्क असून ती विद्यापीठाच्या ग्रंथालयातूनच उघडतात. पदवी हाती पडली की हे दार मिटते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके. योजना स्तुत्यच आहे. परंतु ती केंद्र व राज्य शासनाच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र शासनाच्या संशोधन संस्थांसाठी आहे. भूम-वाशीच्या खेड्यात रोज रुग्ण तपासणारा वैद्य तिच्या बाहेरच राहिला. ज्याच्या शब्दावर रुग्ण औषध घेतो, त्यालाच मूळ लेख दुर्लभ!

आमची सूचना साधी आहे. धाराशिव येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेथील ग्रंथालयात आठवड्यातून एक दुपार नोंदणीकृत वैद्यांना बसून वाचण्याची अनुमती मिळावी. प्रकाशकांच्या करारांत अशी मुभा आहे किंवा कसे, हे संघटनेने महाविद्यालयाकडे व नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे लेखी विचारावे. मुभा नसल्यास ती मागावी.

चरकाचार्यांनी विमानस्थानात तद्विद्यसंभाषेची थोरवी सांगितली आहे. ज्ञात्यांशी वाद करावयाचा तर त्यांचे म्हणणे आधी पूर्ण ऐकले पाहिजे. आज ते ऐकणे म्हणजे संपूर्ण लेख वाचणे होय. वैद्यबंधु-भगिनींनी पुढील बैठकीस येताना प्रत्येकी एक लेख मुळातून वाचून यावा, ही विनंती.