जमिनींतील बिननोंदीचीं कुळें

जमीन एकाच्या नांवें, कसणारा दुसराच, आणि त्या दुसऱ्याची नोंद कोणत्याही कागदांत नाहीं, हा प्रकार गांवदप्तर हाताळणारांस नवा नाहीं. प्रस्तुत लेखकाची उमर महसुली कारकुनींत गेली. परंतु हाच प्रकार आपल्या शेतांतील मातींतही चालू आहे, हें त्यास अलीकडेच कळलें.

सूक्ष्मदर्शकाखालीं मातींतील जितके जंतु दिसतात, त्यांपैकीं शेंकडा १ देखील प्रयोगशाळेंतील काचेच्या बशींत सहसा वाढत नाहींत. बाकीचे लागवडीस न येणारे, म्हणून दप्तराबाहेर राहिले. मातींतील सर्व जीवांचें जनुकद्रव्य एकदम काढून वाचण्याची विद्या निघाल्यापासून त्यांचा पत्ता लागूं लागला आहे. २००६ सालीं निरनिराळ्या हवामानांतील १२ जमिनींचें असें वाचन प्रसिद्ध झालें. अमोनियापासून नत्राचें पुढील रूपांतर करण्याचें श्रेय पूर्वीपासून ज्या जंतूंस मिळत होतें, त्यांच्यापेक्षां 'आर्किया' नामक निराळ्याच वर्गाचीं जनुकें अधिक आढळलीं. उंसास घातलेल्या युरियाचें पुढें काय होतें, या हिशेबांत एक मोठा हिस्सेदार गाळला गेला होता!

तथापि जनुक सांपडलें म्हणजे काम सिद्ध झालें असें नव्हे. जनुकवाचन हा 'सात'चा उतारा होय. त्यावर हक्क दिसतो, पीक दिसत नाहीं. 'बारा'ची पीकपाहणी करावयाची तर जंतु जिवंत हातीं यावा लागतो. पुण्यास १९४६ सालीं निघालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनींत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेंत, भातखाचरांतील मिथेन वायूवर जगणारे जंतु अशाच खटपटीनें वाढविले गेले. अमेरिकेंत तर जंतु सूक्ष्म छिद्रांच्या पेटींत घालून परत मातींतच पुरले, तेव्हां ते वाढले; त्यांतील एकापासून टेक्सोबॅक्टिन हें नवें जंतुनाशक द्रव्य मिळाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें.

याचा आम्हां माधवनगरकडील बागाइतदारांस काय उपयोग, असें कोणी विचारील. कृष्णाकांठीं अति पाण्यानें क्षारपड झालेल्या जमिनी आपण सर्व पाहतों. माती तपासल्याचा कागद सामू, क्षार, कर्ब, स्फुरद, पालाश सांगतो. त्यांत जीवांचा रकाना नसतो. इकडे जिवाणूंच्या बाटल्या मात्र आपण विश्वासानें ओततों. हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींचा जंतु उपयोगी आहे, हें निर्विवाद. परंतु बाटलींत भरतां येतात ते कारखान्यांत वाढणारेच जंतु. खाऱ्या मातींत ते टिकतात कीं नाहीं, हें त्याच मातींत पाहिल्यावांचून कसें कळणार?

म्हणून सूचना अशी कीं, आपल्या मंडळानें कसबे डिग्रजच्या कृषि संशोधन केंद्रास विनंती करावी. शेजारशेजारच्या एका क्षारपड व एका चांगल्या तुकड्याची माती, निचऱ्याचे चर काढण्यापूर्वीं व नंतर, पुण्याच्या संस्थांकडून वाचून घ्यावी आणि उत्पन्नाचा आंकडाही शेजारीं मांडावा. खर्चास वर्गणी काढण्यास हरकत नसावी. तोंवर ज्यास बाटली वापरावयाची असेल त्यानें कांहीं सऱ्या तिच्यावांचून ठेवून फरक तोलून पाहावा. व पाचट जाळूं नये, कारण तें या अनामिकांचें अन्न आहे.

ज्यांच्या राबणुकीवर आपलें शेत पिकतें, त्यांची निदान नोंद तरी घेणें हें मालकाचें कर्तव्य होय.