सहा आठवड्यांत तयार!



२०२० चा मार्च महिना. शाळेला कुलूप, आपल्या ओझरच्या विघ्नहराचं देऊळसुद्धा बंद! तुमच्यातले काहीजण तेव्हा पाळण्यात असतील. खोकला आला की घरातले घाबरायचे. करोना की साधी सर्दी, ओळखायचं कसं? तपासणीचे संच परदेशातून यायचे आणि पुरायचे नाहीत.

पुण्याच्या मायलॅब कंपनीत मीनल दाखवे-भोसले या विषाणूतज्ज्ञ होत्या. एरवी तीन-चार महिन्यांचं काम त्यांच्या दहाजणांच्या चमूनं सहा आठवड्यांत केलं. तेही बाई गरोदर असताना, तब्येत बरी नसताना! एकच नमुना दहा वेळा तपासला तर दहाही वेळा उत्तर तेच यायला हवं, हा त्यांचा हट्ट. (आपण गणिताचा ताळा एकदा करायलाही कंटाळतो!) पारखणारी राष्ट्रीय विषाणू संस्थाही पुण्यातच, १९५२ पासूनची. १८ मार्चला संच तिच्याकडे गेला नि दुसऱ्याच दिवशी बाईंना मुलगी झाली.

परदेशी संचाला सहा-सात तास लागत, याला अडीच. किंमतही साडेचार हजारांऐवजी बाराशे रुपये.

नाकातली काडी मात्र तीच. माझ्या नाकात घातली तेव्हा मी अशी शिंकले, की रांगेतले सगळे दोन पावलं मागे!